काळं खोकं, हिरवं खोकं

सोमवार, ४ तारीख

सकाळी साडेनऊला थोरलीचा फोन आला आणि पावणेदहाला धाकटीचा. दोघी शब्दाला शब्द तेच बोलल्या. "आई, तू काही करायचं नाहीस. तू फक्त ऐकायचं." एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसले. फक्त ऐकायचं म्हणजे काय असतं ते मला कोणी सांगायला नको. बोलणारे दोघं बोलून मोकळे होतात आणि शेवटी शिव्या ऐकणारीला बसतात.

प्रकरण असं आहे. माझे दोन्ही जावई, म्हणजे एकमेकांचे साडू, गिटारचे अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी खोकी, बनवतात. कारखान्यात नव्हे, हाताने, एकेक. आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह असतात. जगाने व्हॉल्व्ह कधीच अडगळीत टाकले, पण गिटार वाजवणाऱ्यांना म्हणे त्यातूनच निघणारा आवाज लागतो, आणि त्यासाठी ते सहा सहा महिने वाट बघतात. पूर्वी दोघं एकाच शेडमध्ये काम करायचे. दोन वर्षांपूर्वी थोरले एका गिऱ्हाइकाला म्हणाले, "धाकट्यांचं काम जरा घाईचं असतं," आणि धाकटे नेमके पत्र्याच्या पलीकडे स्क्रू पिळत होते. तेव्हापासून दोघांमधून विस्तव जात नाही. धाकट्यांनी वेगळी शेड घेतली. नातवंडांच्या वाढदिवसाला दोघंही येतात, पण एक जण फुगे लावायला आणि दुसरा काढायला.

आता एका स्टुडिओवाल्यांना दहा अ‍ॅम्प हवे आहेत, सगळे एकसारखे, एकाच शेडमधले. त्यांनी दोघांचेही ऐकले आणि त्यांना ठरवता येईना. तेव्हा कोणीतरी त्यांना सुचवलं की यांच्या सासूबाईंचा कान तयार आहे, आणि त्या दोघांच्याही सारख्याच सासू आहेत. हे कोणी सुचवलं ते दोघीही सांगत नाहीत. तीन आठवडे दोन्ही अ‍ॅम्प माझ्या बाहेरच्या खोलीत राहणार. २४ तारखेला, रविवारी, स्टुडिओवाले येऊन ऐकणार आणि माझं मत विचारणार.

मी आधी नाहीच म्हणाले. तर धाकटी म्हणाली, "यांना ऑर्डर मिळाली नाही तर आम्हाला गाव सोडावं लागेल, तिकडे नोकरी सांगून आली आहे." थोरलीला विचारलं तर ती म्हणाली, "यांना मिळाली नाही तर हे शेड बंद करून पंखे दुरुस्त करणार म्हणतात. पंख्याच्या आवाजात त्यांचा जीव रमायचा नाही गं."

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी, फक्त ऐकायला. म्हणून वही काढली. एक्स्चेंजमध्ये प्रत्येक पाळीची नोंद असायची. नोंद असली की निदान आपण खोटं बोलत नव्हतो एवढं तरी सांगता येतं.

मंगळवार, ५ तारीख

थोरले आले. उंच, किडकिडीत, दिवसाला चारच शब्द वापरायचे अशी शपथ घेतल्यासारखे. काळं खोकं तीन जिने चढवून आणलं, मेजावर ठेवलं, खटका दाबला आणि गप्प बसले. मीही गप्प. मिनिटभराने म्हणाले, "तापतोय."

मग त्यांनी गिटार घेतली आणि एक उतरती सुरावट वाजवली. जिना उतरावा तशी, आणि शेवटून दुसऱ्या पायरीवर पाय घसरावा तशी.

"कसं वाटतं?"

"छान आहे."

"छान म्हणजे?"

आता छान म्हणजे छान. पण त्यांनी वही काढलेली. मला आमच्या एक्स्चेंजच्या सुपरिंटेंडेंटबाई आठवल्या. चहा झाल्यावर त्या खुर्चीत नीट बसायच्या आणि मग बोलायच्या. आवाज जड, पण अंगावर न येणारा. तसं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, "खुर्चीत बसून बोलतो," आणि खाली दोन रेघा मारल्या.

निघताना दारात चपला घालता घालता म्हणाले, "त्यांचं आलं का?"

"उद्या येणार."

"एकट्याला जिन्यावरून उचलायला देऊ नका. त्यांची पाठ धरते."

जिन्याच्या भिंतींना नुकताच रंग दिलाय, त्याची त्यांना काळजी असावी. थोरले पहिल्यापासून नीटनेटके.

बुधवार, ६ तारीख

धाकटे एकटेच उचलून घेऊन आले. भिंतीला ओरखडा पाडलाच. धाकटे गोल, घामेजलेले आणि तोंडात तीळ न भिजणारे. खोकं हिरवं, पोपटी म्हणावं इतकं हिरवं. माझ्या पडद्यांशी भांडतं.

आवाज मात्र स्वच्छ. एक्स्चेंजमध्ये नवीन मुलगी पहिल्या दिवशी "नंबर, प्लीज" म्हणायची तसा, टवटवीत, शेवट जरा वर उचललेला. ते ऐकून धाकटे इतके खूश झाले की त्यांनी तेच आणखी तेरा वेळा वाजवलं. नंतर एक बटण फिरवून म्हणाले, "आता ऐका." तीच मुलगी, पण घसा बसलेली. "आई, यालाच लोक जीव टाकतात." आवाज बिघडवण्यासाठी एवढे कष्ट घेणारा धंदा मी पहिल्यांदाच पाहिला. तसं म्हणाले नाही.

काळ्या खोक्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, हात लावला नाही. "त्यांनी काय वाजवलं? ती उतरती सुरावट? शेवटाला चुकले का?"

"चुकले."

"अजून तिथेच चुकतात," म्हणाले आणि स्वतःशीच हसले. दुसऱ्याच्या चुकीवर हसू नये. पण जावयाला कोण सांगणार?

शुक्रवार, ८ तारीख

दोघांनीही आपापल्या गिटारी इथेच ठेवल्या आहेत. मला वाजवता येत नाही, पण बोटाने तारा छेडल्या की खोकं आपोआप बोलतं. आज दुपारी काळ्यावर छेडलं, मग हिरव्यावर, मग परत काळ्यावर. तासाभरात मला फरक कळायला लागला. काळं शब्द संपल्यावरही थोडा वेळ तिथेच उभं राहतं. हिरवं निघून जातं आणि मागे सुगंध ठेवतं. आनंदाच्या भरात बटण जरा जास्त फिरलं.

वरून धप धप झालं. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात, एकटेच. पाच मिनिटांनी ते दारात. मी माफी मागायच्या तयारीत होते. त्यांनी खोक्याच्या मागे वाकून पाहिलं, आतले व्हॉल्व्ह मंद पेटलेले.

"व्हॉल्व्हचा आहे?"

"हो. त्रास झाला असेल तुम्हाला."

"झाला ना. तुम्ही एकच तार छेडत होता. बाकीच्या पाच कधी येतात याची वाट बघत होतो."

मग दोन तास बसले. त्यांना दीड गाणं येतं. अर्धं का राहिलं विचारलं तर म्हणाले, तेव्हाच दवाखाना सुरू झाला. दीडच येतं, पण बोटं फार जपून टाकतात, दुखणाऱ्या दाताजवळ जावं तशी. मी त्यांना रोज संध्याकाळी यायला सांगितलं. परीक्षेत पेपर एकच हवा, आणि दोन्ही जावई काय वाजवतात ते मी ऐकलं आहे.

रविवार, १० तारीख

आज चूक केली. लिहून ठेवते.

थोरल्यांचा फोन. "आई, तुलना केलीत?"

"केली. तुमचं उत्तमच आहे."

"पण?"

मी पण म्हणालेच नव्हते. परंतु माणूस इतका वेळ गप्प राहिला की मला काहीतरी बोलणं भाग पडलं. म्हणाले, "हिरव्यात एक टवटवी आहे. तुमच्यात ती चिमूटभर आली तर."

"चिमूटभर म्हणजे किती?"

स्वयंपाकात कोणी असं विचारत नाही. तिकडे धाकट्यांचा फोन आला तेव्हा मनात आलं, एकाला सांगितलं आणि दुसऱ्याला नाही, तर पंचाचा तोल गेला. म्हणून त्यांनाही सांगितलं, "तुमचं गोडच आहे, पण काळं जसं बसून बोलतं तसं हे थोडं बसलं तर."

धाकटे आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाले. मग म्हणाले, "उद्या येतो."

"उद्या नको, उद्या थोरले येणार आहेत."

"मग परवा."

गुरुवार, १४ तारीख

घरात सोल्डरिंगचा वास मुरला आहे. उशीलासुद्धा येतो. थोरले सोमवारी आणि बुधवारी येऊन गेले, उद्या शुक्रवारी येणार. धाकटे मंगळवार, गुरुवार, शनिवार. दोघांची वेळ एक होऊ नये म्हणून मी दारामागे पाळ्यांचा कागद लावला आहे. प्रत्येक जण आल्यावर आधी आपलं खोकं उघडतो, आतलं काहीतरी काढतो, दुसरं काहीतरी डकवतो, आणि मग विचारतो, "त्यांनी काय बदललं?"

मला काय कळतंय काय बदललं. मी म्हणते, "एक पिवळं होतं, ते आता लाल आहे." तेवढ्यावर थोरले पंधरा मिनिटं विचार करतात. काल मान हलवून म्हणाले, "हं. हुशार." कोणाला म्हणाले ते कळलं नाही, बहुधा मला.

आता मुख्य काळजी. आज डॉक्टरांनी दोन्हींवर दीड गाणं वाजवलं. काळं टवटवीत झालंय. हिरवं खुर्चीत बसलंय. दोघांनी माझं ऐकलं, आणि इतकं ऐकलं की चिमटीची मूठ झाली. डोळे मिटून मला आता कोणतं कोणाचं ते सांगता येत नाही. तीनदा ऐकलं, दोनदा चुकले. डॉक्टर म्हणाले, "अक्कलदाढा. डावी काढायची की उजवी, सारखंच दुखतं."

त्यांना गंमत वाटते. मला नाही. एकतीस वर्षांत मी एकाही माणसाचा आवाज चुकीचा ओळखला नाही. आणि आता माझ्या एका शब्दावर एका मुलीचा संसार इथून उठणार किंवा दुसरीचा नवरा पंखे साफ करत बसणार. कान गेला असेल तर तो याच महिन्यात जायला हवा होता का?

रविवार, १७ तारीख

आज दोघी मुली एकत्र आल्या. एकत्र येऊन किती महिने झाले ते मोजायचं सोडून दिलं होतं. खोकी दिसू नयेत म्हणून मध्ये पडदा लावावा असं त्यांचं म्हणणं. दिसलं की कान फितूर होतो, हे थोरलीचं वाक्य. मी जुन्या दोन चादरी जोडून मशीनवर शिवून दिल्या. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत दोरी बांधली.

पडद्याचं माप घ्यायला म्हणून दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि पाऊण तास बाहेर आल्या नाहीत. पडदा बाहेरच्या खोलीत, माप स्वयंपाकघरात. मी डोकावले तर गप्प झाल्या. धाकटीने तोंडाला पदर लावलेला, डोळ्यांत पाणी. रडत होती बिचारी. खांदेही हलत होते.

"रडू नकोस," म्हटलं. "जे होईल ते चांगल्यासाठी होईल."

"हो आई," म्हणाली आणि पुन्हा तोंडाला पदर लावला.

जाताना थोरली म्हणाली, "रविवारी वायरी जोडायचं काम आमच्याकडे. तू पडद्यामागे यायचं नाहीस. पंचाने लांबच राहावं." किती जबाबदार झाल्या आहेत पोरी.

बुधवार, २० तारीख

आज माझा जीव जायचाच बाकी होता.

थोरले त्यांच्या पाळीप्रमाणे आलेले. खोकं बंद करून उठणार इतक्यात जिन्यावर धाकट्यांचा आवाज. वार चुकला की मुद्दाम आले, देव जाणे. मला काही सुचेना. थोरल्यांना चहाच्या कपासकट आतल्या खोलीत ढकललं आणि दार लोटलं. सहा फुटी जावई मुकाट्याने आत गेला, माझ्या पलंगावर बसला असावा, कारण पलंग कुरकुरला.

धाकट्यांनी दारातच खाली पाहिलं. "कोणी आलंय का?"

"डॉक्टर आले होते."

"चपला विसरून गेले?"

"हो."

"डॉक्टरांचा पाय बराच मोठा आहे," म्हणाले आणि आत येऊन बसले.

आज ते फार मोठ्याने बोलत होते. एवढ्याशा खोलीत मी समोर बसलेले, आणि हे आतल्या दाराकडे तोंड करून घोषणा दिल्यासारखे. "आई, मी आतला ट्रान्सफॉर्मर बदलला बरं का. दोन वर्षांपूर्वी ज्याच्यावरून वाद व्हायचा तोच घातला. वाद घालणाऱ्याचं बरोबर होतं असं आता वाटतं." मी हळूच कानाकडे बोट दाखवून म्हणाले, "मला ऐकू येतंय." तरी तसंच. या धंद्यात ऐकण्याचं हे असं होत असावं. धाकटीला सांगून त्यांचे कान तपासून घ्यायला हवेत.

आपल्या खोक्यावर एका हाताने मोकळ्या तारा छेडत त्यांनी दुसरा हात काळ्या खोक्यावर ठेवला. मग म्हणाले, "याचा डाव्या बाजूचा एक स्क्रू ढिला आहे, थरथरतोय. रविवारी मधेच खडखडेल. त्यांना सांगा, पण मी सांगितलं म्हणू नका. तुमच्या मनात आलं म्हणून सांगा."

चाळीस मिनिटांनी ते गेले. थोरले बाहेर आले. कपातल्या चहाला साय धरलेली. बराच वेळ हिरव्या खोक्याकडे बघत उभे राहिले.

"बारीक घरघर आहे. कडेचा व्हॉल्व्ह जास्त तापतोय. रविवारपर्यंत टिकणार नाही."

"मग?"

"त्यांना सांगा. मी सांगितलं असं नको. तुम्हाला जाणवलं असं."

मी लगेच म्हणाले, "आणि तुमच्या डाव्या बाजूचा स्क्रू ढिला आहे. मला जाणवलं."

थोरल्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला?"

"कानाने."

ते हसले. लग्नानंतर दुसऱ्यांदा.

गुरुवार, २१ तारीख

धाकट्यांना व्हॉल्व्हचं सांगितलं. त्यांनी मागचा पत्रा उघडून पाहिलं, व्हॉल्व्हच्या आत खरंच लालभडक झालं होतं. माझ्याकडे वळून म्हणाले, "आई, हे तुम्हाला ऐकून कळलं?"

"एकतीस वर्षांचा कान आहे."

त्यांनी मला वाकून नमस्कार केला. नवीन व्हॉल्व्ह बसवताना सारखे नाक ओढत होते. सर्दी झालेली दिसते, म्हणून त्यांना आल्याचा चहा दिला.

माझा आत्मविश्वास परत आला आहे. कान शाबूत आहे. निर्णय मात्र अजून नाही.

रविवार, २४ तारीख

सविस्तर लिहिते.

सकाळी मुली आल्या. काळं डावीकडे, हिरवं उजवीकडे, हे मी स्वतः पाहिलं. मग थोरली म्हणाली, "आई, वर जाऊन डॉक्टरांना घेऊन ये." डॉक्टरांचं दाढीचं फेसाळ तोंड, त्यात दहा मिनिटं गेली. परत आले तर पडदा ओढलेला, दोघी धापा टाकत उभ्या, हात धुळीने भरलेले आणि माझी सतरंजी पार गोळा झालेली. सतरंजीवरून मी दोघींना बोलले.

अकराला जावई आले. दोघांनी वेगवेगळ्या भिंतींशी खुर्च्या घेतल्या. थोरली नवऱ्याच्या कानात म्हणाली, "तुमचं डावीकडे, एक नंबर." धाकटी आपल्या नवऱ्याला म्हणाली, "तुमचं उजवीकडे, दोन नंबर." मला दोन्ही ऐकू आलं. शेवटी स्टुडिओवाले आले, दारातून कडेने यावं लागेल एवढा मोठा माणूस, आणि बोलतो इतकं हळू की आपण पुढे वाकावं. दिवसभर दणदणाटात राहून असे होत असतील.

डॉक्टरांनी एक नंबरवर दीड गाणं वाजवलं. मुलींनी आतून वायर बदलली. मग दोन नंबरवर तेच दीड.

मी डोळे मिटून ऐकलं. खरं सांगते, दोन्ही वेळा माझ्या अंगावर काटा आला. तीन आठवड्यांपूर्वी मला यात फक्त घरघर ऐकू आली असती.

स्टुडिओवाले म्हणाले, "आधी बनवणाऱ्यांनी बोलावं. आपापल्या कामाबद्दल."

थोरले उभे राहिले. मला वाटलं, चार शब्द. तर हा माणूस दहा मिनिटं बोलला. "एक नंबर माझं आहे. स्वतःची स्तुती करत नाही मी कधी, पण आज करतो. याच्यात कुठेही घाई नाही. प्रत्येक सूर पूर्ण ऐकवतो आणि मगच पुढचा काढतो. आत एकेक जोड मन लावून दिलाय, ते ऐकू येतं. असं काम ज्याच्या हातून होतं त्याने पुन्हा कोणाला काही सिद्ध करून दाखवायची गरज नाही."

मग धाकटे. "दोन नंबर माझं. मी बडबड्या, सगळ्यांना माहीत आहे. पण हे बघा, हे बडबडत नाही. पाया आहे याला. याच्यावर डोळे मिटून भरवसा टाकावा. मला शिकवणाऱ्याने असंच शिकवलं होतं, आज कुठे जमलं."

स्टुडिओवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रात्रभर वाक्य तयार केलं होतं, ते पार विसरले. म्हणाले, "एकाला ठेवून दुसऱ्याला पाठवावं असं मला काही वाटत नाही. तुमचं तुम्ही बघा." पंच म्हणून हे फार वाईट वाक्य आहे, मला कळतं.

"पडदा काढा," स्टुडिओवाले म्हणाले.

मुलींनी पडदा ओढला. डावीकडे, एक नंबरला, हिरवं. उजवीकडे, दोन नंबरला, काळं.

थोरले हिरव्याकडे बघत होते, धाकटे काळ्याकडे. दोघांची तोंडं उघडी. डॉक्टर सवयीने म्हणाले, "हं, आता तोंड बंद करा."

मला वाटतं पहिल्यांदा स्टुडिओवाले हसले. मोठ्याने हसले, त्या माणसाला मोठ्याने हसता येतं. मग धाकटे. थोरले हसले नाहीत. ते उठले, खोली ओलांडून गेले, धाकट्यांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसले. समोर बघत म्हणाले, "घाईचं म्हणालो होतो. चुकलो."

"मी पण दोन वर्षं फुगलो," धाकटे म्हणाले.

मी थोरलीला बाजूला घेतलं. "अगं, सकाळी काळं डावीकडे होतं ना?"

"आई, तू चहा टाक."

"मी पाहिलं होतं."

"आई," धाकटी म्हणाली, "चहा."

वय झालं. डावं उजवं कळेनासं झालंय. पण बाकी सगळं माझ्या त्या चिमूटभर सल्ल्यामुळे घडलं, यात शंका नाही. इकडची टवटवी तिकडे आणि तिकडचा जडपणा इकडे मीच पाठवला. दोघांना आपलं खोकं ओळखू न येण्याइतकं. हे मी मुलींना समजावून सांगितलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि "हो आई, सगळं तुझ्यामुळेच" म्हणाल्या. आईची कदर आहे त्यांना.

स्टुडिओवाले चहा पिऊन उठले. जाताना दोघांना म्हणाले, "मला एक नंबर नको, दोन नंबर नको. दोघंही 'माझं' म्हणाल असं एक बनवा, आणि तसे दहा द्या."

गुरुवार, २८ तारीख

थोरल्यांच्या शेडमध्ये दोघांनी काम सुरू केलं. मुली म्हणतात, सकाळी आठपासून भांडतात. एक स्क्रू बसवायला चार मतं. धाकटीने ती नोकरी नको म्हणून कळवून टाकलं.

घर सुनं सुनं वाटतंय. खोकी गेली, पाळ्यांचा कागद काढला. डॉक्टर सवयीने आले, गिटार नाही म्हणून नुसतेच बसले. माझ्या दाढेकडे बघून म्हणाले, ही भरून घ्या.

रविवार, १५ तारीख (पुढचा महिना)

पहिलं खोकं तयार झालं. दोघं मिळून घेऊन आले, एक पुढे, एक मागे, आणि प्रत्येक वळणावर "तुमच्या बाजूने", "नाही, तुमच्या". रंग राखाडी. काळा म्हणाला हिरवा नको, हिरवा म्हणाला काळा नको.

मुलींना यायला जमलं नाही. मी चहा ठेवला, तीन कप. डॉक्टरांना बोलावणार होते, पण थोरले म्हणाले, "आज आम्हीच वाजवतो." थोरल्यांनी वाजवलं, मग धाकट्यांनी. मग दोघंही गिटार मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत बसले. निकालाच्या दिवशी पोरं बसतात तसे.

"बोला, आई," धाकटे म्हणाले. "पहिलं मत तुमचं."

मी विचार केला. गेल्या महिन्यात दोघांनाही बरं वाटावं म्हणून बोलले आणि महिनाभर घरात धूर झाला. आता दोघं एक झालेत, एक ऑर्डर, एक शेड. आता खरं सांगायला काय हरकत आहे?

"खरं सांगू का?" म्हटलं. "मला नाही आवडलं."

थोरल्यांचा चष्मा खाली आला. "म्हणजे?"

"मीटिंगमध्ये एक माणूस असतो बघा, जो सगळ्यांचं म्हणणं पटलं म्हणतो आणि घरी जातो. तसं वाटतं. काळं बरं होतं. हिरवं पण बरं होतं. हे दोघांनाही घाबरून बोलतंय."

धाकटे म्हणाले, "आई, राग मानू नका, पण सुरुवातीला तुम्हाला यातलं काही कळत नव्हतं."

"अजूनही नाही," थोरले म्हणाले. मला बोलले. माझ्या तोंडावर. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

"सुपरिंटेंडेंटबाई म्हणे," धाकटे थोरल्यांना म्हणाले.

"आणि चिमूटभर," थोरले धाकट्यांना म्हणाले. "किती ते विचारलं तर सांगता येत नाही."

"व्हॉल्व्ह कानाने ऐकला म्हणे."

दोघांनी वायरी गुंडाळल्या. मी म्हटलं, "चहा तरी घ्या." "नको," दोघं एकदम म्हणाले, एकाच सुरात. खोकं दोन्ही बाजूंनी उचललं आणि मागे न बघता निघाले. जिन्यात दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. "भीतीचं म्हणाल्या ते कशावरून असेल?" "तुमचा तो ट्रान्सफॉर्मर." "माझा? तुम्हीच घातलात." "बरं, उद्या दोन्ही घालून बघू." "आज बघू की." मग जोरात कुजबुज, मग दोघांचं हसू. माझ्यावरच हसत होते, आणखी कोणावर?

मी खिडकीतून पाहिलं. खोकं मागच्या सीटवर ठेवलं. धाकट्यांनी पुढचं दार उघडून धरलं, थोरले बसले. वर कोणी पाहिलं नाही.

दोन्ही जावई एकाच दिवशी माझ्यावर रुसले. एकाच गाडीतून गेले.

चहा तीन कप होता. तिन्ही मीच प्यायले, आणि बरा झाला होता.